घरच्या माणसांसाठी बोट घ्यावयाची तर सपाट तळाची की खोल तळाची?



शेतकी विभागाच्या माणसाने लागण, बेणे, खत, पाणी यांवर लिहावे. बोटीवर त्याने काय लिहावे, असे आपल्यापैकी काही जण म्हणतील. म्हणणे रास्त आहे. परंतु आपले बरेच सभासद उजनी जलाशयाच्या काठचे आहेत आणि नोंदीचा ऊस पाहण्यासाठी आम्हाला या काठावरून त्या काठावर लाँचने जावेच लागते. त्यामुळे या पाण्याचा आणि त्यावर चालणाऱ्या बोटींचा थोडाफार परिचय झाला आहे.

पूर्वी काठच्या सभासदाकडे होडी असे ती मासेमारीला किंवा पलीकडच्या रानात जाण्याला. आता दिवस पालटले आहेत. ट्रॅक्टर झाला, चारचाकी झाली, मुले शिकायला पुण्याला गेली. सुट्टीत ती घरी आली की म्हणतात, "अण्णा, दारात एवढं पाणी, आपली एखादी बोट नको का?" हिवाळ्यात भिगवण, कुंभारगाव भागात रोहित पक्षी पाहायला लांबून माणसे येतात, भाड्याच्या बोटीत बसतात, चिलापीचे जेवण करून परत जातात. मग ज्यांच्या शेताला पाणी लागून आहे त्यांनाही वाटणारच. त्यात गैर काही नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने घरच्यांना घेऊन दोन तास पाण्यावर घालवले तर ते चांगलेच आहे.

प्रश्न येतो तो कोणती बोट घ्यावी येथे. आपल्याच एका सभासदाच्या घरातील दोघा भावांत यावरून वाद पडला आणि तो माझ्याकडे आला. घर नऊ माणसांचे: म्हातारे आईवडील, दोघे भाऊ, दोघी जावा आणि तीन मुले. दोन बोटी पाहून ठेवलेल्या. पहिली 14 फूट लांब, साडेचार फूट रुंद, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, सपाट तळाची, तिला 15 एच.पी.चे इंजिन. दुसरी 16 फूट लांब, 6 फूट रुंद, फायबरची, पुढून खोल तळाची, तिला 25 एच.पी.चे इंजिन. थोरल्याचे मन पहिलीवर, धाकट्याचे दुसरीवर. दुसरीची किंमत अर्थातच बरीच जास्त. "साहेब, तुम्हीच काय ते सांगा," असे दोघेही म्हणाले. त्यांना जे सांगितले तेच येथे विस्ताराने देत आहे, कारण उद्या हाच प्रश्न आणखी दहा घरांत येणार आहे.

प्रथम पाणी ओळखा

को 86032 लावू की फुले 265, असे कोणी विचारले तर मी आधी जमीन विचारतो. क्षारपड, चोपण रान असेल तर एक उत्तर, निचऱ्याचे रान असेल तर दुसरे. बोटीचेही तसेच आहे. बोट चांगली की वाईट हे ती कोणत्या पाण्यात आणि कोणत्या महिन्यात चालवायची यावर ठरते.

भीमेवरील उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. त्याचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यापैकी 53.57 टीएमसी उपयुक्त साठा आणि 63.66 टीएमसी मृत साठा. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी मृत साठ्यात आहे. याचा अर्थ असा की, कडक उन्हाळ्यातही जुन्या नदीपात्रात खोल आणि रुंद पाणी उरते. काठाला मात्र गाळ आणि उथळ डबकी. एकाच फेरीत बोटीला दोन्ही प्रकारचे पाणी लागते. येथेच निवड अवघड होते.

पाण्याखाली काय आहे तेही ध्यानात ठेवा. जुन्या गावठाणांच्या भिंती, विहिरींची बांधकामे, बाभळीची खोडे आहेत. पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर उघडे पडते, हे आपण पाहतोच. पाणी थोडे वर असते तेव्हा हीच दगडी कामे पृष्ठभागाखाली हात-दीड हातावर दडलेली असतात. त्यात आपल्याच उपसा पंपांचे पाइप, केबली, मच्छीमारांची नायलॉनची जाळी आणि जलपर्णीचे गठ्ठे. इंजिनाच्या पंख्याचे हे सगळे वैरी.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. वारा मोकळ्या पाण्यावरून जितका लांबून येतो तितकी लाट मोठी होते. उजनीचे पात्र जेथे रुंद आहे तेथे वळवाचा वारा सुटला की दहा-पंधरा मिनिटांत शांत पाण्याचे रूप पालटते. 21 मे 2024 रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सात जणांपैकी एकाने पोहून काठ गाठला, सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुले होती. त्याआधी एप्रिल 2017 च्या अखेरीस याच जलाशयात सहलीला आलेल्या डॉक्टरांची बोट उलटून चौघे दगावले. दोन्ही घटना वैशाखातल्या. आणि आपल्या घरी मुले, नातवंडे, पाहुणे जमतात तेही नेमके वैशाखातच. हे दुःख उगाळण्याचा हेतू नाही. पण बोट घेताना हे विसरून चालणार नाही.

दोन्ही बोटींचे गुणदोष

सपाट तळाची बोट. हिला पाणी थोडे लागते. वीतभर पाण्यातही ती सरकते. काठाला लावणे सोपे, म्हाताऱ्या माणसाला चढणे-उतरणे सोपे. वजनाने हलकी, त्यामुळे चार गडी तिला उचलून वर ओढू शकतात. इंजिन लहान, पेट्रोल कमी. थांबलेली असताना ती फारशी डुलत नाही, म्हणून बसणाऱ्याला वाटते की हीच स्थिर. पक्षी पाहायला, गळ टाकायला, उपसा मोटारीपर्यंत जाऊन फूटव्हॉल्व्ह पाहायला ही बोट उत्तम. थोरल्या भावाचे म्हणणे म्हणूनच चुकीचे नव्हते.

पण लाट आली की हिचे रूप बदलते. सपाट तळ लाट कापत नाही, लाटेवर आपटतो. वेग कमी करावा लागतो, तुषार आत येतात. हिचा काठ बुटका. बाजूने लाट आली की पाणी आत पडते, आणि आत आलेले पाणी सपाट तळावर मोकळे पसरून बोट ज्या अंगाला कलते त्याच अंगाला धावते. घाबरलेली माणसेही बहुधा त्याच बाजूला सरकतात. मग बोटीला सावरायला अवधी राहत नाही.

खोल तळाची फायबर बोट. हिचा पुढचा भाग नांगराच्या फाळासारखा पाणी फोडतो. लाटेत धक्के कमी बसतात, काठ उंच असल्याने आतले कोरडे राहते, चालवणाऱ्याला दिशा राखता येते. उभी असताना ती थोडी डुलते. नवख्या माणसाला भीती वाटते. परंतु थोडी कलल्यावर ती टेकू धरते. हिचा दोष म्हणजे वजन. ती उचलता येत नाही. गाडा आणि ट्रॅक्टर लागतो. पाणी जास्त लागते, त्यामुळे उन्हाळ्यात काठापासून बरीच आत उभी करावी लागते. इंजिन मोठे, खर्च मोठा. खडकावर घासली तर फायबरला चीर पडते आणि ती वेळेवर भरली नाही तर पाणी आत मुरते.

यात तिसरा एक प्रकार आहे, त्याबद्दल दोन शब्द. गावच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी पत्र्याची बोट स्वस्तात करून मिळते. ती मजबूत दिसते. परंतु तिच्यात तरंगण्यासाठी फोम किंवा हवाबंद कप्पे नसतील तर पाणी भरल्यावर ती दगडासारखी तळाला जाते. अशी बोट घरच्या माणसांसाठी घेऊ नये.

माणसे मोजा, मग पैसे मोजा

लहान बोटीत किती माणसे बसवावीत याचा एक सोपा अडाखा आहे. बोटीची लांबी व रुंदी फुटांत घ्या, गुणाकार करा आणि 15 ने भागा. येईल तितकी माणसे; वरचा अपूर्णांक सोडून द्यावा. 20 फुटांपेक्षा लहान बोटींसाठी हा हिशेब आहे आणि तोही शांत पाण्याचा.

पहिली बोट: 14 गुणिले साडेचार बरोबर 63. भागिले 15, म्हणजे चार माणसे. दुसरी बोट: 16 गुणिले 6 बरोबर 96. भागिले 15, म्हणजे सहा माणसे. यात चालवणारा धरलेला आहे. बोटीवर कारखानदाराने लावलेल्या पट्टीत यापेक्षा कमी आकडा असेल तर तो कमी आकडा पाळावा. मूल लहान आहे म्हणून त्याला मोजायचे नाही, हे करू नका. मूल एका जागी बसत नाही आणि त्याला धरणारे माणूसही एका जागी बसू शकत नाही.

भावांना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला तेव्हा दोघेही गप्प झाले. कारण घर नऊ माणसांचे आणि नऊ माणसे दोन्हींपैकी एकाही बोटीत बसत नाहीत. थोरले म्हणाले, "अहो, बसतात की साहेब, दाटीवाटीनं." बसतात हे खरे. बैलगाडीत दोन टन उसाऐवजी तीन टनही बसतो. चढाला काय होते ते गाडीवानाला विचारावे. पाण्यावर चढ कधी लागेल ते आधी दिसत नाही, एवढाच फरक.

इंजिनाची निवड

या दोन्ही बोटींना लागते ते आउटबोर्ड इंजिन, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे. चार-स्ट्रोक इंजिन पेट्रोल कमी खाते, आवाज कमी करते, धूर कमी सोडते, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नाही. दोन-स्ट्रोक हलके आणि दुरुस्तीला सोपे, पण पेट्रोल बरेच जास्त खाते. घरच्या वापराला चार-स्ट्रोक बरे. 15 एच.पी.चे चार-स्ट्रोक इंजिन साधारण 50 किलोचे, म्हणजे साखरेच्या एका पोत्याइतके भरते.

पूर्ण वेगात 15 एच.पी.ला तासाला पाच ते सहा लिटर आणि 25 एच.पी.ला नऊ ते दहा लिटर पेट्रोल लागते असे धरून चालावे. निम्म्या वेगात ते निम्म्याहून कमी होते, आणि सहलीला निम्मा वेग पुष्कळ झाला. पेट्रोलचे तीन वाटे करावेत: एक जाण्याला, एक येण्याला आणि एक राखीव. राखीव वाट्याला वाऱ्यासाठी ठेवलेला वाटा समजावे.

इंजिनाच्या दांड्याची लांबी बोटीच्या मागच्या फळीशी जुळली पाहिजे. 15 इंच उंच फळीला आखूड दांडा, 20 इंच फळीला लांब दांडा. आखूड दांडा उंच फळीला लावला तर पंखा हवा ओढतो. लांब दांडा बुटक्या फळीला लावला तर तो गाळात आणि खोडात अडकतो. इंजिन बंद करणारी जी सुरक्षा-दोरी येते ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जाकिटाला बांधलीच पाहिजे. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन थांबते. ती इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली मी कित्येक बोटींवर पाहिली आहे. ती तशी ठेवण्यासाठी दिलेली नाही.

घेण्यापूर्वीची परीक्षा

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. बोट घेताना पुढील गोष्टी कराव्यात.

(1) जितकी माणसे बसवायची तितक्या वजनाची वाळूची पोती बोटीत भरा. माणशी 70 किलो धरा. सहा माणसांचे 420 किलो होतात, म्हणजे 50 किलोची साडेआठ पोती. इंजिन लावून, टाकी भरून पाण्यात सोडा. काठ पाण्यापासून निदान एक फूट वर राहिला पाहिजे. मागची बाजूही मोजा; बहुतेक बोटी मागूनच बसतात.

(2) इंजिन उतरवून, कमरेइतक्या पाण्यात, बोट मुद्दाम पाण्याने भरा. ती काठोकाठ भरल्यावरही तरंगली पाहिजे. विकणारा याला तयार नसेल तर ती बोट सोडून द्यावी.

(3) फायबर बोटीला सगळीकडून नाण्याने ठोकून पाहा. टणटणीत आवाज चांगला. बद्द आवाज आला तर आत पाणी मुरले आहे असे समजावे. मागच्या फळीला अंग टाकून दाबा. ती दबता किंवा करकरता कामा नये. पत्र्याच्या बोटीचे रिव्हेट आणि जोड आतून ओले होतात का ते पाहा.

(4) बोट चालवून पाहण्याचा दिवस थोड्या वाऱ्याचा निवडा. शांत सकाळी सर्व बोटी चांगल्याच वाटतात.

कागदपत्रे

1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 आलेला आहे आणि जून 2022 पासून तो अमलात आहे. यांत्रिक बोटीची तपासणी व नोंदणी त्यानुसार होते. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. शिवाय जलाशय जलसंपदा विभागाचा असल्याने त्यांच्या कार्यालयात चौकशी करावी आणि धरणाच्या भिंतीच्या बाजूला बोट नेऊ नये. पैसे देण्यापूर्वी ही चौकशी करावी. नंतर हेलपाटे पडतात. बोटीचा विमाही उतरवावा.

मग घ्यावी कोणती?

ज्या सभासदाला आपल्या शेतालगतच्या खाडीसारख्या आत शिरलेल्या पाण्यात, काठापासून हाकेच्या अंतरावर, सकाळच्या वेळी तीन-चार माणसे घेऊन फिरायचे आहे, त्याला सपाट तळाची बोट पुरेशी आहे. कार्तिकापासून माघापर्यंत तिचा आनंद घ्यावा. मुख्य पात्र मात्र तिच्यातून ओलांडू नये, आणि घरी पाहुणे आले म्हणून पाचवे माणूस घेऊ नये.

ज्याला पलीकडच्या काठाला जायचे आहे, म्हातारी माणसे व मुले बरोबर न्यायची आहेत, किंवा सुट्टीत एप्रिल-मेमध्ये बोट काढायची आहे, त्याने खोल तळाचीच घ्यावी. त्या घरच्या दोघा भावांना मी हाच सल्ला दिला, कारण त्यांना पैलतीरी मामाच्या गावाला जायचे होते. तीही सहा माणसे घेऊन, आणि उरलेल्या तिघांना दुसऱ्या फेरीत. दुसऱ्या फेरीला अर्धा तास जास्त जाईल, तो जाऊ द्यावा. एकट्याला किंमत झेपत नसेल तर शेजारच्या दोन घरांनी मिळून एक चांगली बोट घ्यावी. आपण सहकारातलीच माणसे आहोत. परंतु चालवणारे दोघेच ठरवावेत आणि चावी त्यांच्याकडेच असावी. सर्वांची बोट म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही, असे होऊ नये.

कोणतीही बोट घेतली तरी काही नियम सारखेच. जितकी माणसे तितकी जाकिटे, आणि ती बसायला ठेवलेली नव्हेत, अंगात घातलेली. मुलांची जाकिटे मुलांच्या मापाची, मानेला आधार देणारी आणि दोन पायांतून पट्टा असलेली. मोठ्यांचे जाकीट मुलाला घातले तर मूल खालून निसटते. बोटीत दोन वल्ही, दोरी, नांगर, पाणी काढायला बादली, शिट्टी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेला मोबाइल असावा. जाताना घरी मागे राहणाऱ्याला कोठे जातो आणि केव्हा येतो हे सांगून जावे. वैशाखात दुपारी बारानंतर बोट पाण्यात काढू नये. पश्चिमेला ढग काळे झाले किंवा धूळ उठली की जवळचा काठ धरावा, मग तो आपला असो वा नसो. लाटेत सापडलात तर सर्वांनी तळाला बसावे, वेग कमी करावा आणि लाट बाजूने न घेता बोटीचे नाक लाटेला तिरपे ठेवावे. बोट उलटलीच तर पोहता येते म्हणून काठाकडे निघू नये. बोटीला धरून राहावे. तरंगणारी बोट लांबून दिसते, एकटे डोके दिसत नाही.

भावांचा वाद मिटला तो आजीच्या एका वाक्याने. ती म्हणाली, "मला पव्हाया येत न्हाई. मला घेऊन परत येईल ती घ्या." बोटीची याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही.

यंदा ज्यांचा बोटीचा विचार असेल त्यांनी जाकिटे आधी घ्यावीत आणि बोट नंतर पाहावी. जाकिटांच्या खर्चाला जो कुरकुरतो त्याने बोटीचा नाद सोडून ते पैसे ठिबकला घालावेत. ज्यांच्याकडे आज बोट आहे त्यांनी पाडव्यापूर्वी वाळूच्या पोत्यांची परीक्षा एकदा करून घ्यावी. अर्ध्या दिवसाचे काम आहे. आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्यास सांगितल्यास तो मोजमापाला हात लावील.

आपला,
ऊस विकास अधिकारी